उसने गेलेले तास : वडोदऱ्यातील एका बदली शिक्षिकेचे प्रकरण

पार्श्वभूमी

वडोदऱ्याच्या जुन्या शहरातील एका अनुदानित, गुजराती माध्यमाच्या शाळेत चित्रकला आणि शारीरिक शिक्षण हे दोन्ही विषय एकच सर शिकवतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर ते गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी दीर्घ रजेवर गेले आणि त्यांच्या जागी मला बदलीवर घेण्यात आले. माझे विषय सामाजिक विज्ञान आणि हिंदी. चित्र मला काढता येत नाही, आणि खो-खो मी शाळेत असताना खेळले असेन तेवढाच. तरीही सरांच्या नावापुढचे सर्व तास माझ्या नावावर लागले, कारण वेळापत्रकाच्या चौकटीत कोणाचे तरी नाव लिहिले की कार्यालयाच्या दृष्टीने ती जागा भरलेली असते.

पुढील विवेचन आठवीच्या एका वर्गापुरते आहे. वर्गात चाळीस मुले-मुली. त्यांतील बरीचशी दांडिया बाजार आणि रावपुरा या भागांतून येणारी, घरी मराठी आणि वर्गात गुजराती बोलणारी. आठवड्यात चित्रकलेचा एक जोड तास आणि पीटीचे तीन तास, अशी मूळ मांडणी होती. मी रुजू झाले त्या आठवड्यात यांपैकी एकही तास ठरल्याप्रमाणे झाला नाही, आणि याबद्दल कोणी तक्रारही केली नाही. शिक्षक रजेवर गेले की चित्र आणि खेळ थांबतात, गणित मात्र थांबत नाही. हे नेमके कशामुळे होते आणि बदलीवर आलेल्या माणसाला त्यात काय करता येते, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे.

कलेची आणि खेळाची आपल्याकडे कदर नाही, हे याचे नेहमीचे उत्तर आहे आणि शिक्षकांच्या खोलीत ते दर दोन दिवसांनी ऐकू येते. वडोदऱ्यापुरते तरी ते मला पटत नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले ते हेच शहर. इथल्या विद्यापीठात १९५० पासून ललित कलांची स्वतंत्र विद्याशाखा आहे आणि तिच्या चित्रकला विभागाची घडी मूळच्या इंदूरच्या ना. श्री. बेंद्रे यांनी बसवली. गायकवाड घराण्याच्या स्मारकाच्या, म्हणजे कीर्तिमंदिराच्या भिंती नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात रंगवल्या. खेळाचे म्हणाल तर जुम्मादादा व्यायाम मंदिराचे आणि ते चालवणाऱ्या माणिकरावांचे नाव न ऐकलेले मराठी घर इथे विरळा. खो-खोचे नियम हिंद विजय जिमखान्याने १९२४ मध्ये इथूनच प्रसिद्ध केले. आणि १९४७ च्या रणजी अंतिम सामन्यात विजय हजारे व गुल महंमद यांनी होळकर संघाविरुद्ध केलेली ५७७ धावांची भागीदारी जुन्या मंडळींकडून अजूनही अशी सांगितली जाते की जणू ती मंडळी त्या दिवशी सीमारेषेवरच बसली होती. कदर भरपूर आहे. चित्राचा तास बंद करा असे म्हणणारा एकही पालक मला भेटला नाही. तास बंद पडला तो कोणाच्याही विरोधावाचून, आणि म्हणूनच या घटनेकडे बारकाईने पाहणे मला आवश्यक वाटले.

पहिला आठवडा

सुपरवायझर बेनांच्या टेबलावर प्रॉक्सीची एक लांबट वही असते. सकाळी कोण आले नाही हे पाहून कोणत्या वर्गावर कोणी जायचे हे त्या वहीत लिहितात आणि शिपाईमामा ती वही वर्गावर्गातून फिरवून सह्या घेतात. बदलीवरची व्यक्ती ही सर्वांत मोकळी व्यक्ती, असा सर्वसाधारण समज असल्यामुळे वहीत माझे नाव रोज असे. आठवीच्या चित्राच्या जोड तासाला मला सातवीच्या एका वर्गावर पाठवण्यात आले आणि आठवीचे ते दोन्ही तास गणिताकडे गेले, कारण शनिवारी एकम कसोटी, म्हणजे घटक चाचणी होती. पीटीच्या तासांबद्दल आचार्यांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी मला बोलावून स्पष्टच सांगितले : "बेन, मुलांना मैदानावर नेऊ नका. पीटीचे साहेब नाहीत. कोणाचा हात-पाय मोडला तर उत्तर मला द्यावे लागेल."

आचार्यांचे म्हणणे चुकीचे होते असे मला वाटत नाही. खेळ शिकवण्याचे प्रशिक्षण नसलेल्या शिक्षिकेच्या भरवशावर चाळीस मुले मोकळ्या मैदानावर सोडायची की नाही, हा प्रश्न खराच आहे, आणि तोही अशा शाळेत जिथे दोन पाळ्यांचे मिळून मैदान एकच असून त्याच्या एका कोपऱ्यात सायकली लावलेल्या असतात. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीचे शंभरावर विद्यार्थी असलेल्या शाळेसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अर्धवेळ प्रशिक्षक सांगितले आहेत, म्हणजे या विषयांना माणूस लागतो हे कायद्यालाही मान्य आहे. मात्र तो माणूस दीड-दोन महिने आलाच नाही तर काय करायचे, याचे उत्तर कायद्यात शोधून मिळणार नाही. ते शाळेच्याच एखाद्या वहीत असायला हवे. मी ती वही शोधू लागले.

वर्ग कुठवर आला होता

गणिताचा शिक्षक रजेवर गेला तर त्याच्या जागी येणाऱ्याला वर्ग कुठे थांबला आहे हे शोधावे लागत नाही. पाठ्यपुस्तकात खूण असते, मुलांच्या वह्यांत तारखेसह शेवटचे उदाहरण असते, आणि पुढचे उदाहरण पुस्तकातच छापलेले असते. विषय न येणाराही निदान "पुढचे सोडवा" एवढे म्हणू शकतो. चित्र आणि खेळ यांच्याबाबतीत असा आधार कोणताच नाही. सरांच्या दैनिक नोंदवहीत रजेवर जाण्यापूर्वीच्या शेवटच्या नोंदी अशा होत्या : "चित्र – मानवाकृती, चालू" आणि "पीटी – खो-खो, सराव". तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याचे समाधान करण्यास त्या पुरेशा होत्या, पण त्यांवरून उद्या सकाळी वर्गात काय करायचे हे कोणालाही कळले नसते. सर कामचुकार अजिबात नाहीत, उलट शाळेतील सर्वांत कष्टाळू शिक्षकांत त्यांची गणना होते. परंतु त्यांचा सगळा अभ्यासक्रम त्यांच्या डोक्यात, हातात आणि मुलांच्या अंगात होता. कागदावर तो जवळजवळ नव्हताच. ज्या विषयाचा मागमूस कागदावर राहत नाही, तो विषय थांबला तरी थांबल्याचे दिसत नाही, आणि माझ्या मते हे दोन तास गणिताकडे सहज वाहत गेले त्याचे कारण हेच आहे.

मी सरांना फोन केला. शस्त्रक्रिया होऊन चारच दिवस झाले असल्यामुळे ते फार बोलू शकत नव्हते. "ताई, कपाटामागे एक गुंडाळी उभी करून ठेवली आहे, ती काढा," ते म्हणाले. "बाकीचं मुलांना ठाऊक आहे. मुलांना विचारा, लाजू नका."

गुंडाळी

ती गुंडाळी म्हणजे ड्रॉइंग पेपरचे ताव एकाला एक जोडून, मागच्या बाजूने खळीने कापडी पट्ट्या चिकटवून केलेला लांबच लांब कागद होता. वर्गात बाके सरकवून तो उलगडला तर एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पोचला. मध्यातून पेन्सिलीने आडवी रेघ, दोन टोकांना दोन उभे खांब, रेघेवर ठरावीक अंतराने आठ लहान चौरस, त्यांत १ ते ८ आकडे आणि प्रत्येक चौरसातून एक बाण. एक वर, एक खाली, असे आलटून पालटून. तीन चौरसांवर माणसांच्या आकृती पुऱ्या झाल्या होत्या. उरलेल्या पाचांत गोल डोके आणि काड्यांचे हातपाय एवढेच होते. तिसऱ्या चौरसातील आकृतीच्या पायाशी सरांच्या बारीक अक्षरात एकच शब्द होता : "टाच?"

हा काय प्रकार आहे, असे मी विचारताच वर्गातून एकदम इतकी उत्तरे आली की त्यांना रांगेत उभे करावे लागले. सरांनी त्यांना सुट्टीपूर्वी तांबेकर वाड्यात नेले होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा वाडा मराठा शैलीच्या भित्तिचित्रांसाठी प्रसिद्ध आहे आणि शाळेपासून पायी जाता येईल इतका जवळ आहे. परतल्यावर सरांनी मुलांना सांगितले की आपणही एक भिंत रंगवू, पण भिंत शाळेची असल्यामुळे आधी कागदावर. आणि त्यात राजे, हत्ती वगैरे नकोत, तुम्ही जे रोज करता तेच काढा. मुलांनी खो-खो निवडला. पाच-पाच मुलांचा एक गट, एका गटाला एक चौरस. बाण म्हणजे त्या गड्याचे तोंड. शेजारशेजारचे गडी विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, म्हणून बाण आलटून पालटून. जो गट ज्या चौरसाचा, त्याने मैदानावर सरावाच्या वेळीही त्याच चौरसात बसायचे, असा सरांचा नियम होता. याचा अर्थ चित्राचा आणि खेळाचा तास सरांच्या दृष्टीने वेगळे नव्हतेच, आणि नोंदवहीतील "मानवाकृती" व "खो-खो" या दोन कोरड्या नोंदी एकाच कामाच्या होत्या.

एका मुलाने तेवढ्यात एक अडचण काढली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि त्यात भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवले, ते सामने त्याने पाहिले होते. तिथे मैदानात गडी सात असतात, म्हणजे बसणारे सहा. मग आपल्या कागदावरचे दोन चौरस पुसायचे का? शाळांच्या स्पर्धेत नऊ जणांचाच खेळ आहे आणि आपण तोच खेळतो, असे दुसऱ्या एका मुलीने सुनावले. ज्या दोन गटांचे चौरस पुसले जाणार होते त्यांनी तिला जोरदार पाठिंबा दिल्याने हा प्रश्न तिथेच मिटला.

टाच

पुऱ्या झालेल्या तिन्ही आकृत्यांत एक समान दोष होता, आणि चित्र न येणाऱ्या माणसालाही तो दिसण्यासारखा होता. तिघेही प्रार्थनेला बसल्यासारखे ऐसपैस बसले होते. पाऊल पूर्ण टेकलेले, पाठ ताठ, हात गुडघ्यावर. मुलांनी ती आठवणीतून काढली होती, आणि स्वतःचे शरीर बसलेले असताना कसे दिसते याची आठवण कोणालाच नसते. सरांना तो दोष दिसला होता. त्यांनी तो दुरुस्त केला नाही, फक्त प्रश्न लिहून ठेवला.

त्या प्रश्नाच्या आधारे मी आचार्यांना अर्ध्या पानाचा अर्ज लिहिला. चित्राचा जोड तास मैदानाच्या कडेला घेण्याची परवानगी द्यावी. मुले चौरसांत बसतील आणि उठतील. पाठलाग होणार नाही, खांबावर सूर मारला जाणार नाही. प्रत्येकाच्या हातात वही-पेन्सिल असेल. आचार्यांनी मैदानबंदी पीटीसाठी केली होती, चित्रासाठी नव्हे, आणि असा भेद दाखवून दिल्यावर ते किंचित हसून सही करते झाले. पुढे याच अटींवर पीटीचे तासही त्यांनी मोकळे केले. मला असे वाटते की "मैदानावर जाऊ द्या" अशी मोघम विनंती केली असती तर नकारच मिळाला असता. काय होणार आणि काय होणार नाही हे लिहून दिल्यामुळे जबाबदारीला सीमा पडली आणि ती घेणे त्यांना शक्य झाले.

मैदानावर आठ जण बसले आणि बाकीचे त्यांच्याभोवती उभे राहून काढू लागले. दहा मिनिटांनी आठ जण बदलायचे. सुरुवातीला कागदावर पुन्हा तीच प्रार्थनेची बैठक उतरत होती, कारण मुले पाहत होती बसलेल्या गड्याकडे आणि काढत होती आपल्या डोक्यातला गडी. मी फक्त एकच सूचना देत राहिले : आज चेहरा काढायचा नाही, कमरेखालचे काढा. चेहरा बाजूला पडल्यावर पायांकडे लक्ष गेले. पुढचे पाऊल टेकलेले, त्याचा गुडघा जवळजवळ छातीला भिडलेला. मागच्या पायाचा फक्त चवडा जमिनीवर आणि टाच वर. दोन्ही हातांची बोटे पुढे मातीत रोवलेली. पाठ उतरत्या छपरासारखी, मान मात्र वळलेली. खो-खोत बसणारा गडी मुळात बसलेला नसतोच, तो उठण्याच्या मधोमध थांबलेला असतो, हे एका मुलाच्या रेखाटनात इतके स्वच्छ दिसले की इतरांनी त्याची वही हातोहात फिरवली. त्या मुलाने केवळ पाय काढले होते. वर काही नाही. पुढच्या तासालाही त्याने पायच काढले आणि मी त्याला तसे करू दिले.

यानंतर वर्गाने जे केले ते मी सुचवले नव्हते. दोन्ही टाचा टेकवून बसल्यास काय होते, हे पाहण्याची टूम निघाली. एकाने मागून पाठीला स्पर्श करून खो द्यायचा, बसलेल्याने उठून पहिले पाऊल टाकायचे. टाच टेकवून बसलेला प्रत्येक जण आधी पुढे झुकत होता आणि मगच उठत होता. टाच उचलून बसलेला खो कानावर पडताच बाहेर. दुसरी गोष्ट खांद्यांची. खो-खोत उठलेला गडी एकदा एका बाजूला निघाला की खांब गाठेपर्यंत त्याला मागे फिरता येत नाही आणि मधली पाटी ओलांडता येत नाही. दिशा कोणती घेतली हे ठरवताना पंच खांद्यांची रेषा कुठे वळली हे पाहतात. हा नियम मुलांना तोंडपाठ होता. परंतु तो कागदावर उतरवताना पाय एका दिशेला आणि खांदे दुसऱ्या दिशेला अशी चित्रे निघाली, तेव्हा "हा फाउल आहे" असे म्हणून मुलांनीच एकमेकांची चित्रे खोडायला लावली. चित्रातील चूक फाउल म्हणून पकडली जाताना मी प्रथमच पाहिली.

या वर्गात एक मुलगी आहे. शाळेच्या संघात ती हुलकावण्या देण्यात सर्वांत तरबेज मानली जाते, आणि वर्गात तिचे नाव बहुतेक वेळा अपूर्ण गृहपाठाच्या यादीत असते. खांद्यांची चूक ती दुरूनच ओळखत असे. पाचव्या आणि सातव्या चौरसांतील आकृती तिने बोट दाखवून दोनदा बदलायला लावल्या. अशा प्रसंगी लिहिणाऱ्याला मोह होतो की या मुलीचा आत्मविश्वास वाढला, अभ्यास सुधारला, असे काहीतरी नोंदवावे. तसे काही झाले नाही. तिचे स्वतःचे चित्र साधारणच राहिले, चित्राची तिला फारशी आवडही नाही, आणि गृहपाठाची यादी आहे तशीच आहे. तिला जे दिसते ते इतरांना दिसत नाही, एवढे वर्गाला कळले, आणि चित्राच्या तासाकडून यापेक्षा अधिक मागणे मला रास्त वाटत नाही.

गणिताकडील येणे

गणिताच्या बेन वर्षाचा अभ्यासक्रम पुरा करण्याच्या घाईत होत्या. त्या मनाने चांगल्या, मुलांच्या निकालाची काळजी वाहणाऱ्या, आणि मधल्या सुट्टीत चहाचा कप पुढे सरकवत "बेन, तमारो तास आपो ने" (तुमचा तास द्या ना) असे इतक्या आपुलकीने म्हणणाऱ्या की नाही म्हणणे अवघड जावे. बदली शिक्षिकेची अडचण इथे असते. तिचा तास मागितला जातो तेव्हा तो तिचा नसतोच. तो रजेवर असलेल्या सरांचा, खरे म्हणजे मुलांचा असतो, आणि दुसऱ्याची वस्तू आपल्या भिडेपोटी देऊन टाकण्याचा अधिकार तिला नसतो. पण सरसकट नकार देऊन आठ आठवड्यांच्या पाहुणीने कायमच्या माणसांत कटुता आणणेही शहाणपणाचे नाही.

प्रॉक्सीच्या वहीतच मी शेवटी एक रकाना वाढवला : कोणाचा तास, कोणी घेतला, केव्हा परत. सुपरवायझर बेनांना हे आवडले, कारण एरवी तोंडी होणाऱ्या देवघेवीची भांडणे त्यांच्याच टेबलावर येत असत. त्यानंतर गणिताने तास घेतला की तो उसना म्हणून लिहिला जाई. गणिताच्या बेन हिशेबाला पक्क्या निघाल्या. कसोटी संपल्यावर त्यांनी आपले दोन तास स्वतःहून सोडले आणि एकदा मैदानावर येऊन गुंडाळीही पाहिली. हिंदी आणि विज्ञान यांनीही पुढे तास घेतले. त्यांतील काही परत आले, काही आले नाहीत. परंतु वहीत लिहिले गेल्यामुळे चित्राचा तास गेला हे निदान दिसू लागले, आणि तास मागण्याचे प्रमाण आपोआप कमी झाले.

जे करता आले नाही

आंतरशालेय स्पर्धा तोंडावर होत्या आणि मुलींचा संघ निवडायचा होता. ही निवड मी केली नाही. दोन पालक भेटून गेले, एकाने फोनही केला; निवड सरच करतील, असे मी सर्वांना सांगितले. मुलींचे उठणे, धावणे आणि हुलकावणे मोबाइलवर चित्रित करून सरांना पाठवले, आणि त्यांनी अंथरुणावरून नावे कळवली. नावांबद्दल कुरबूर झाली, पण ती माझ्यापर्यंत आली नाही.

खांबावरचा सराव मात्र झाला नाही. १२० ते १२५ सेंटिमीटर उंचीच्या त्या खांबाशी गडी बाद करण्यासाठी मारला जाणारा सूर हे कौशल्याचे आणि जोखमीचेही काम आहे. ते शिकवणारा माणूस शेजारी नसताना मुलींना ते करू देणे मला शक्य नव्हते, आणि आचार्यांना दिलेल्या लेखी अटींतही ते बसत नव्हते. जवळच्या व्यायामशाळेतील कोणी अनुभवी प्रशिक्षक शनिवारी येऊ शकेल का, याची विचारणा केली. बाहेरच्या माणसाला मैदानावर आणण्यासाठी संस्थेचा ठराव लागतो असे उत्तर मिळाले आणि स्पर्धेपूर्वी बैठक झाली नाही. संघ दुसऱ्या फेरीत बाहेर पडला. खांबाचा सराव नव्हता म्हणून असे घडले असे म्हणता येईल, समोरचा संघ सरस होता असेही म्हणता येईल. दोन्ही सामने पाहणाऱ्यांत याबाबत एकमत नाही.

प्रगतिपत्रकातील श्रेणींचा प्रश्नही असाच होता. सत्र संपताना चित्र आणि शारीरिक शिक्षण यांच्या रकान्यांत काहीतरी भरावेच लागते, आणि अशा वेळी सर्वांना सारखीच श्रेणी देऊन मोकळे होण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. मी श्रेणी दिल्या नाहीत. प्रत्येक गटाबद्दल चार-पाच ओळी लिहिल्या, मुलांच्या वह्यांवर तारखा घातल्या, आणि श्रेणीचे रकाने सरांसाठी मोकळे ठेवले. कार्यालयाला हे रुचले नाही, कारण संगणकात रकाना मोकळा राहिला की पुढचे पान उघडत नाही. सर रुजू होईपर्यंत आठवीचे पान उघडले नाही.

सुपूर्द

सर परतले तेव्हा हातात काठी होती. पहिल्याच दिवशी त्यांनी गुंडाळी उलगडायला सांगितली आणि काठीच्या टोकाने एकेक चौरस दाखवत शांतपणे पाहत गेले. पाचव्या चौरसातील गड्याचे तोंड बाणाच्या उलट दिशेला होते. ते आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नव्हते, त्या गटाच्याही नाही. सरांनी हसून तिथेही बारीक अक्षरात प्रश्नचिन्ह केले. तिसऱ्या चौरसाशी लिहिलेले "टाच?" मुलांनी पुसले नव्हते, सरांनीही पुसले नाही.

मी त्यांना दोन गोष्टी दिल्या : उसन्या तासांचा उतारा, ज्यात तीन तास येणे दिसत होते, आणि अर्ध्या पानाचा एक तक्ता. त्या तक्त्यात वर्ग सध्या कशावर काम करत आहे, सामान कुठे ठेवले आहे, कोणत्या मुलांना काम सांगून कळते आणि कोणाला करून दाखवावे लागते, पुढचे दोन तास कसे घ्यायचे, आणि जाणकार माणूस नसताना काय मुळीच करू नये, एवढेच आहे. यांतील शेवटची ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते. "सूर नाही, पाठलाग नाही, बसणे-उठणे चालेल" असे एक वाक्य जरी पहिल्या दिवशी कागदावर असते, तरी पहिला आठवडा वर्गात बसून गेला नसता.

सरांनी तो तक्ता आपल्या सर्व वर्गांसाठी भरायला घेतला. संगीताच्या बेनांनीही एक प्रत मागून नेली. इतरांना तो वाढीव कागद वाटतो आणि त्यांचे म्हणणे समजण्यासारखे आहे, कारण नोंदवह्यांची संख्या आधीच बरीच आहे. आजारपण सांगून येत नाही, तेव्हा रजेच्या आदल्या दिवशी भरायचा तक्ता फारसा कामाचा नाही. तो पंधरवड्यातून एकदा भरला जावा आणि त्याच्या बदल्यात दैनिक नोंदवहीतील चित्र व पीटी यांचे रकाने काढून टाकावेत, अशी सरांची आणि माझी सूचना आहे. रकाने काढण्याचा अधिकार शाळेला आहे की नाही यावर कार्यालयात चर्चा चालू असून, आचार्यांनी हा विषय नव्या सत्राच्या पहिल्या बैठकीच्या यादीत घेतला आहे.